चाळीस लाखांची गाडी, सव्वासहा लाखांत

ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या गावात एकाच दिवशी दीडशेच्या आसपास मर्सिडीज आल्या. गावाचं नाव तेव्हा औरंगाबाद. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशा मंडळींनी मिळून घाऊक सौदा केला होता, रक्कम ६५ कोटींच्या घरात. माझा भाचा तेव्हा आठवीत होता. बापाच्या एम-८०वर मागे बसून तो त्या गाड्या बघायला गेला होता. त्या दिवशी त्याच्या डोक्यात जे शिरलं ते बारा वर्षं निघालं नाही. जानेवारी २०२३ मध्ये त्यानं आयुष्यातली पहिली गाडी घेतली ती साडेदहा वर्षं जुनी जर्मन सेडान. त्या दीडशेतली नव्हे, पण त्याच लाटेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. म्हाताऱ्या गाडीच्या कुरबुरी कारखान्याच्या नावावर टाकण्यात अर्थ नाही.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. बावीस वर्षं ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढतोय. त्यामुळे ताईनं पोराला बजावलं होतं, मामाला विचारल्याशिवाय कुणाला एक रुपया द्यायचा नाही. मी नाही म्हणेन अशी तिची खात्री होती. मी नाही म्हटलं नाही, आणि त्याबद्दल ती अजून मला अधूनमधून ऐकवते.

पोरगा वाळूजला एका कारखान्यात क्वालिटी विभागात. हातात पगार ४८ हजार, साठवलेले ३ लाख ८० हजार. दहा वर्षांपुढच्या गाडीला वाहनकर्ज द्यायला बँका फारशा राजी नसतात, म्हणून ४ लाखांचं पर्सनल लोन काढायचं ठरवलं होतं. १४ टक्के व्याज, तीन वर्षं, हप्ता १३,६७० रुपयांच्या आसपास. मी म्हटलं, एवढ्या पैशांत चार वर्षं वापरलेली चांगली हॅचबॅक मिळते. तो म्हणाला, "मामा, ती मी चाळिशीतही घेऊ शकतो. ही मात्र चाळिशीत बायको घेऊ देणार नाही." बायकोचा तेव्हा पत्ताही नव्हता, पण मुद्दा बिनतोड होता.

मग मी त्याला कागदावर एकच गोष्ट लिहून दिली. २०१२ मध्ये ही गाडी ऑन-रोड चाळीस लाखांना पडायची. आज मागताहेत सहा-सात लाख. म्हणजे गाडीची किंमत सहाव्या हिश्श्यावर आली. हेडलाइट, कंप्रेसर, गिअरबॉक्सचं ऑइल यांची किंमत मात्र चाळीस लाखांच्या गाडीचीच राहिली, उलट दर वर्षी थोडी चढली. तेव्हा जेवढ्यात गाडी बसते तेवढ्यात घेऊ नकोस. दीड लाख बँकेत वेगळे ठेव आणि ते खर्च झालेत असंच समज. या एका अटीवर मी त्याच्याबरोबर गाड्या बघायला निघालो.

पहिली गाडी, जी घेतली नाही

शहरातल्याच एका जुन्या गाड्यांच्या दुकानात पांढरी सेडान उभी होती. ५ लाख ४० हजार, मीटरवर ६८ हजार किलोमीटर. पॉलिश इतकं की पोरानं त्यात स्वतःचे केस नीट केले. मी आधी ब्रेकच्या पेडलवरचं रबर बघितलं. एका कडेनं पार गुळगुळीत. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड चेपलेली, स्टिअरिंगचं कातडं घड्याळातल्या दहा-दोनच्या जागी चकाकणारं. ६८ हजारांत एवढं घासत नाही.

मग किल्ली फिरवून डॅशबोर्डकडे बघत बसलो. इंजिन सुरू करण्याआधी एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागलाच नाही. दिवा लागून न विझणं हा बिघाड. मुळात न लागणं ही बहुतेक वेळा कारागिरी. गाडी समोरून ठोकली गेलेली असते, एअरबॅग फुटलेल्या असतात, नव्यांचा खर्च परवडत नाही, मग झाकण चिकटवून दिव्याची तार काढून टाकतात. पुढच्या दोन्ही सीटचे बेल्ट मुळापर्यंत ओढून शिवलेल्या पट्ट्यांवरच्या तारखा बघितल्या, तर एक २०११ची आणि दुसरी २०१६ची. बेल्ट उगाच कुणी बदलत नाही. मी पोराला चहाला चल म्हटलं. दुकानदार समजला, त्यानं अडवलं नाही.

बेल्ट पूर्ण ओढून बघायची सवय मला पुराच्या गाड्यांनी लावली. डिसेंबर २०१५ला चेन्नई बुडाली, ऑगस्ट २०१९ला सांगली-कोल्हापूर. अशा पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या गावांत विकायला निघतात. गालिचे नवे घालता येतात, पण बेल्टच्या आतल्या गुंडाळीत गाळाची रेघ राहून जाते.

दुसरी

दुसरी गाडी जालन्यात एका स्टीलच्या व्यापाऱ्याच्या दारात होती. राखाडी, दोन लिटरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक, जून २०१२ची नोंदणी, मीटरवर १ लाख ८ हजार. पोराचं तोंड उतरलं. त्याला सहा आकडे नको होते. मला तेच आवडले. सर्व्हिसच्या पावत्यांची फाइल होती, आणि २०१४ पासून पावत्यांवरचे किलोमीटर शिडीसारखे चढत आले होते. मागणी ७ लाख १० हजार.

गाडी आम्ही एका स्वतंत्र मेकॅनिककडे लिफ्टवर चढवली. स्कॅनरसकट तपासणीचे साडेतीन हजार. अख्ख्या व्यवहारात सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे हे. ऑइल फिल्टरच्या घराभोवतीच्या गॅस्केटमधून तेल पाझरत होतं. पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश गेलेले. मराठवाड्यातल्या रस्त्यांवर दुसरं काय होणार! टायरवर नक्षी भरपूर, पण बाजूच्या शिक्क्यातले शेवटचे चार आकडे २३१७ म्हणजे २०१७ सालच्या २३व्या आठवड्यातले. साडेपाच वर्षांचं रबर आणि तेही रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झालं तरी थोडं अंतर चालणारं, ज्याच्या जोरावर कंपनीनं डिकीत स्टेपनीच दिलेली नाही. गिअरबॉक्सचं ऑइल आजवर कधीच बदललेलं नव्हतं. पुस्तिकेत ते आयुष्यभराचं म्हटलेलं असतं. कुणाच्या आयुष्याचं ते मात्र लिहीत नाहीत. असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला म्हणते.

ही यादी पुढे ठेवून सौदा सव्वासहा लाखांत तुटला. व्यापारी माणूस. त्यानं यादी वाचली, हसला आणि म्हणाला, "तुम्ही माझ्याकडे वसुलीला या."

कागदपत्रांत एक खोच निघाली. गाडीवरचं कर्ज २०१७ मध्ये फिटलेलं, पण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बँकेचं नाव तसंच. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते उतरवल्याशिवाय फॉर्म २९ आणि ३०वर गाडी नावावर होत नाही. "होऊन जाईल" या दोन शब्दांवर पैसे द्यायचे नसतात. आम्ही पन्नास हजार देऊन अडीच आठवडे थांबलो. तेवढ्यात पोरानं गाडीसाठी अत्तराची बाटली, मोबाइलचा स्टँड आणि गणपती घेऊन ठेवला.

विम्यात त्याला पहिला धडा मिळाला. व्यापाऱ्याच्या पॉलिसीत ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, होता. पोराला वाटलं, गाडीबरोबर तोही आला. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि पहिलीच गाडी घेणाऱ्याकडे तो शून्य असतो. वर १५०० सीसीच्या पुढच्या गाडीचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या विम्याचा, हप्ताच तेव्हा ७,८९७ रुपये. गाडी जुनी झाली म्हणून तो कमी होत नाही. सगळं धरून पहिल्या वर्षी बावीस हजारांच्या आत-बाहेर गेले. झीरो डेप, म्हणजे भागांच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर, या वयाच्या गाडीला कुणी दिलं नाही. ती गोष्ट पुढे महागात पडली.

दीड लाख कुठे गेले

पहिल्या तीन महिन्यांत: गिअरबॉक्सचं ऑइल, फिल्टर आणि सम्प मिळून ३२ हजार. लोअर आर्म ३८ हजार. साधे, रन-फ्लॅट नसलेले चार टायर ४१ हजार. गॅस्केट ११ हजार. बॅटरी साडेएकोणीस हजार. बॅटरीवर तो फार चिडला, कारण ती नुसती बसवून भागत नाही. नवी बॅटरी आली हे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनरनं सांगावं लागतं, नाहीतर तो नवीलाही जुनी समजून चार्ज करत राहतो. एकूण १ लाख ४१ हजार ५००. बाजूला ठेवलेल्या दीड लाखांतले साडेआठ हजार उरले. त्यांत स्टेपनीऐवजी हवेचा पंप आणि पंक्चरचं किट आलं.

मे महिन्यात तो मित्रांना घेऊन अजिंठ्याला निघाला. फुलंब्रीच्या पुढे डॅशबोर्डवर तापमानाचा इशारा आला. मित्र म्हणाले, पुढे ढाबा आहे, तिथपर्यंत घे. यानं जागच्या जागी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मला फोन लावला. कूलंटची प्लास्टिकची नळी सांध्यात फुटली होती. दहा वर्षं गरम-थंड होऊन हे प्लास्टिक बिस्किटासारखं होतं. तसाच दोन किलोमीटर गेला असता तर ॲल्युमिनियमचं हेड वाकलं असतं, आणि मग सव्वासहा लाखांच्या गाडीवर दोन-अडीच लाखांचं काम. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस ढाब्यापर्यंत गेलाच असता. नवखेपणाचा झालेला हा एकमेव फायदा मी लिहून ठेवलाय.

नळी, वॉटर पंप, थर्मोस्टॅट मिळून २३ हजार. पैशांपेक्षा त्याला झोंबले ते नऊ दिवस, कारण भाग मुंबईहून यायचे होते. ज्या व्यापाऱ्यानं गाडी विकली त्याच्या दारात तिच्याशिवाय आणखी दोन उभ्या होत्या. एक गॅरेजला गेली तर तो दुसरीत बसायचा. माझ्या भाच्याकडे ही एकुलती एक. पहिली शिफ्ट सकाळी सातची, कंपनीची बस त्यानं गाडी आल्यावर मोठ्या तोऱ्यात सोडलेली. ते नऊ दिवस तो बापाच्या स्कूटरवर वाळूजला गेला, आणि गेटवरच्या वॉचमननं रोज विचारलं, "साहेब, गाडी?"

जुन्या लक्झरी गाडीबद्दल लोक मला विचारतात तेव्हा भागांच्या किमती विचारतात. मी उलट विचारतो, घरात दुसरं काय आहे? माझ्या पाहण्यात अशा गाड्या नीट टिकवलेली माणसं बहुतेक तीच, ज्यांना ती आठवडाभर उभी राहिली तरी फरक पडत नाही. त्यांना योग्य भाग येईपर्यंत थांबता येतं, स्वस्त मेकॅनिककडे गाडी सोडून निवांत राहता येतं. ज्याची ती एकटीच गाडी आहे तो घाईत असतो, आणि घाईतला गिऱ्हाईक गॅरेजला कसा दिसतो हे मी सांगायला नको.

तरीही

इथपर्यंत वाचून पोरगा फसला असं वाटेल. एक संध्याकाळ सांगतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला होता. बॅटरी नवी, टायर नवे, आर्म नवे, अशी गाडी घेऊन आम्ही सावंगीला चढलो. भाऊजी मागे, ताई त्यांच्या शेजारी पिशवी मांडीवर घट्ट धरून. काटा १२०वर, म्हणजे तिथल्या मर्यादेवर, आणि आत ताईच्या बांगड्यांचा आवाज ऐकू येत होता. भाऊजींनी तीस वर्षं कंपनीच्या बसनं नोकरी केली. ते अर्धा तास काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपण किती वेगात आहोत?" पोरानं सांगितलं. ते म्हणाले, "खोटं बोलू नकोस."

दर वर्षी नवी येणारी कुठलीही दहा लाखांची गाडी अशी बसत नाही. स्टिअरिंगचं वजन, दार लागतानाचा आवाज, वळणावर न झुकणं, या गोष्टी बारा वर्षांनी जात नाहीत, निदान बुश नवे असले तर. आणि हायवेला लिटरमागे सोळा-सतरा मिळायचे. त्याच्या मित्राची नवी पेट्रोल एसयूव्ही तेरा देते.

लग्नांचं मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत सात नवरदेव त्या गाडीतून गेले. नाही म्हणायची सोय नाही. कुणी चुलत, कुणी मावस, कुणी शेजारी. फुलं चिकटवायला बॉनेटवर लावलेला टेप ओढताना तिसऱ्या लग्नात लॅकरचा पापुद्रा निघाला, आणि एका मंगल कार्यालयाच्या स्पीडब्रेकरवर पाच वऱ्हाडी बसलेले असताना पोट घासलं. खालचं प्लास्टिकचं कव्हर साडेसात हजार. आहेरात त्याला टोपी-उपरणं मिळालं.

उसाची ट्रॉली

डिसेंबर २०२४. पुण्याहून परतताना नेवाशाच्या पुढे, रात्री नऊ. कारखान्यांचा हंगाम. उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्यानं ब्रेक मारला, गाडी बरीच सावरली, आणि शेवटी तीसेकच्या वेगानं उजवी बाजू ट्रॉलीखाली शिरली. एअरबॅग उघडल्या नाहीत, पोराला खरचटलंही नाही. छोट्या गाडीचं अशा ठोकरीला साठ-सत्तर हजारांत भागतं. अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट आलं ५ लाख ६२ हजार: बंपर, त्यातले सेन्सर, बॉनेट, फेंडर, झेनॉन हेडलाइट, रेडिएटर, इंटरकूलर, कंडेन्सर.

भाच्याच्या क्लेमला मी हात लावू शकत नाही, लावायचाही नसतो. सर्व्हे दुसऱ्यानं केला. पण नियम मला पाठ होते. पॉलिसीत गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यानं धरलेली किंमत, ४ लाख ६० हजार. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे, म्हणजे इथे ३ लाख ४५ हजारांपुढे गेली की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरतात. चाळीस लाखांची गाडी तीसच्या वेगात संपते ती अशी. लोखंड अर्धंही वाकलेलं नसतं. आकडे वाकलेले असतात.

दोन वाटा होत्या. टोटल लॉस घेतला तर २ हजारांची सक्तीची वजावट जाऊन ४ लाख ५८ हजार हातात, गाडी विमा कंपनीची. सव्वासहाला घेऊन दोन वर्षं फिरवलेल्या गाडीचे एवढे येणं म्हणजे लॉटरी. दुसरी वाट अशी: स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्ती. त्याच पुरवठादारांचे, पण गाडीच्या कंपनीचा शिक्का नसलेले नवे भाग घालून २ लाख ९० हजारांचं एस्टिमेट बसत होतं. ते ७५ टक्क्यांच्या आत, म्हणजे दुरुस्तीचा क्लेम. पण झीरो डेप नाही. दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा, प्लास्टिक-रबरवर वय काहीही असो ५० टक्के. २ लाख ३० हजारांच्या भागांचे १ लाख १५ हजार, मजुरी-पेंटच्या ६० हजारांतले ५५ हजार, उणे २ हजार. मिळणार १ लाख ६८ हजार, खिशातून १ लाख २२ हजार.

मी सांगितलं, पैसे घे आणि सुट. ताईनं सांगितलं. भाऊजी गप्प होते. पोरानं गाडी ठेवली.

हिशोबानं ही चूकच. दुरुस्त होऊन आलेल्या गाडीला बाजारात तीन लाखांवर कुणी देणार नव्हतं. म्हणजे ४ लाख ५८ हजार सोडले, १ लाख २२ हजार घातले आणि तीन लाखांची वस्तू ठेवली. २ लाख ८० हजारांचा फटका, शिवाय जेमतेम २० टक्क्यांवर आलेला बोनस पुन्हा शून्य. मी हे त्याला कागदावर लिहून दिलं. त्यानं तो कागद गाडीच्या फाइलमध्ये लावला, फॉर्म ३५च्या मागे.

गॅरेजमध्ये गाडी सात आठवडे होती. कंडेन्सर दोनदा चुकीचा आला. आतला एक क्लिपवाला ब्रॅकेट नवा कुठेच मिळेना, तेव्हा तो स्वतः मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन जुन्या भागांच्या दुकानांतून आठशे रुपयांत घेऊन आला आणि मला फोटो पाठवला, जसा काही साईबाबांचा प्रसाद. आणि याच सात आठवड्यांत त्यानं ती गोष्ट केली जी मी पहिल्या दिवशी सांगायला हवी होती आणि सांगितली नव्हती: ९५ हजारांत चौदा वर्षांची एक मारुती घेतली. वाळूज, भाजी, पाऊस, सगळं तिच्यावर. पर्सनल लोनचे हप्ते आता संपलेत. सेडान आठवड्यातून एकदा निघते, आणि तेव्हापासून तिच्याबद्दलच्या तक्रारीचा एकही फोन मला आला नाही. भाग यायला तीन आठवडे लागले तरी तो थांबतो.

२०२५ मध्ये दोन्ही गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे सरकारनं सक्तीच्या केलेल्या नंबरच्या पाट्या, बसवल्या. ७४५ रुपये अधिक जीएसटी, दोघींना सारखेच. सेडानच्या बाबतीत मारुतीएवढा खर्च आलेली ही पहिलीच गोष्ट, म्हणून त्यानं पावती ताईला दाखवली.

जून २०२७ला सेडानच्या आरसीची पंधरा वर्षं संपतात. फिटनेस तपासणी, नूतनीकरणाचे पाच हजार, वर पर्यावरण कर, मग पुढची पाच वर्षं. परवा तो नूतनीकरणाचा फॉर्म २५ कुठे मिळतो ते विचारायला आला होता. मी म्हटलं, अजून वेळ आहे. तो म्हणाला, "असू द्या मामा, फाइलला लावून ठेवतो."